सेन्सर गेला? थांबा, आधी वायर बघा!

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटला की पार्ट बदलायची घाई सुरू होते. पण तो दिवा फक्त तक्रार नोंदवतो, निकाल देत नाही. हजारोंचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी अर्धा तास त्याच्या वायरला दिलात, तर काय होऊ शकतं?

गाडी घेताना आपण काय काय बघतो! रंग, मायलेज, म्युझिक सिस्टीम, डिकीत किती बॅगा मावतात आणि पगारात ईएमआय कसा मावतो. एक्झॉस्टच्या पाइपात घुसवलेला, स्पार्क प्लगच्या चुलतभावासारखा दिसणारा तो छोटा सेन्सर कसा आहे, असं शोरूममध्ये आजवर कुणी विचारलं नसेल. विचारायची गरजही पडत नाही. गरज पडते ती तीन-चार वर्षांनी, एखाद्या सोमवारी सकाळी, ऑफिसला उशीर झालेला असताना. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि विझायचं नावच घेत नाही.

मग काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी स्कॅनर लावतो, स्क्रीनकडे बघतो आणि डॉक्टरी गंभीर चेहऱ्याने सांगतो, ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय.’ आपण विचारतो, ‘केवढ्याला?’ आकडा ऐकून ऑक्सिजनची गरज आपल्यालाच भासायला लागते!

पण मंडळी, या दोन वाक्यांच्या मध्ये एक तिसरं वाक्य हवं असतं. ‘वायर तपासली का?’

धूर चाखणारा पाहुणा

आधी हा प्राणी करतो काय, ते समजून घेऊ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी.) हे प्रमाण सांभाळायचं काम गाडीच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं. पण आत काय शिजलं हे ईसीयूला कळणार कसं? त्यासाठी बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हा सेन्सर चाखून सांगतो. आमटीची चव घेऊन ‘अजून जरा पाणी घाल’ म्हणणारी आजी असते ना, तसंच.

त्याची भाषा व्होल्टेजची. नेहमीच्या झिर्कोनिया प्रकारच्या सेन्सरमध्ये पेट्रोल जास्त झालं की साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की ०.१ ते ०.२ व्होल्ट. इंजिन तापलेलं आणि सगळं ठीक असेल, तर हा आकडा सतत वर-खाली नाचत असतो. नाचणं हीच तब्येत चांगली असल्याची खूण!

फक्त एक अडचण आहे. साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय हे महाशय तोंड उघडत नाहीत. म्हणून त्यांच्या पोटात एक छोटा हीटर असतो. त्यामुळे अशा सेन्सरला बहुतेक वेळा चार वायरी असतात. दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थिंगची. या चार वायरी एका कनेक्टरमध्ये येतात आणि तिथून पुढे ईसीयूपर्यंत गाडीची वायरिंग जाते. गरमागरम एक्झॉस्टच्या शेजारून, पावसाचं पाणी, चिखल, धूळ आणि कंपनं खात. आता सांगा, आधी दमणार कोण? सेन्सर की वायर? उत्तर दोन्हीपैकी कुणीही, असं आहे. आणि म्हणूनच तपासायचं.

‘बॉश’ने असा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ‘व्होल्व्हो’ गाड्यांमध्ये आणला. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि शिसंविरहित पेट्रोलही. शिसं हे कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांचंही विष. २००० मध्ये ते देशभरातल्या पेट्रोलमधून गेलं. पुढे बीएस-४ बरोबर २०१० पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायची पद्धत आली, २०१३ मध्ये ती आणखी कडक झाली. २०२० च्या बीएस-६ नंतर तर गाडी फारच चोखंदळ झाली आहे. थोडक्यात, तो पिवळा दिवा आता आपल्या आयुष्यात राहायलाच आलाय. त्याच्याशी बोलायला शिकलेलं बरं.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या आसपास १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की कोड दिसतो. ब्लूटूथवर फोनला जोडला जाणारा छोटा स्कॅनर हल्ली एका पिझ्झा पार्टीच्या खर्चात येतो. ऑक्सिजन सेन्सरच्या घराण्यातले नेहमीचे कोड असे. पी ०१३० म्हणजे पुढच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. पी ०१३१, व्होल्टेज कमी. पी ०१३२, व्होल्टेज जास्त. पी ०१३३, प्रतिसाद मंद. पी ०१३४, काहीच हालचाल नाही. पी ०१३५, हीटरच्या सर्किटमध्ये दोष. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. मागच्याच्या हीटरचा कोड पी ०१४१.

यातला एक शब्द पुन्हा वाचा... ‘सर्किट’. कोड असं म्हणतच नाही की सेन्सर मेला. तो म्हणतो, या रस्त्यावर कुठेतरी वाहतूक अडली आहे. रस्त्यावर फ्यूज आहे, रिले आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, त्यातल्या पिना आहेत, सेन्सर आहे आणि शेवटी ईसीयू आहे. फोन लागला नाही म्हणून समोरचा माणूसच गेला, असं आपण म्हणतो का? रेंज नसेल, चार्जिंग संपलं असेल!

माझ्या गाडीचा पी ०१३५

माझी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. पावसाळा संपता संपता दिवा लागला. मायलेज लिटरला पंधरावरून तेरावर आलेलं. कोड पी ०१३५. ज्या गॅरेजमध्ये गेले, तिथल्या सल्लागाराने पाच मिनिटांत कागद पुढे केला. सेन्सर साडेसात हजार, मजुरी वेगळी.

‘सेन्सरच गेलाय हे कशावरून?’ मी विचारलं.

‘मॅडम, कोडच तसा आलाय ना.’

‘कनेक्टर उघडून बघितला?’

‘मॅडम, नवा टाकला की प्रॉब्लेमच संपला. आणि हो, इलेक्ट्रिकल पार्ट एकदा लावला की परत घेत नाहीत.’

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. म्हणजे अंदाज त्यांचा आणि बिल माझं! मी गाडी घेतली आणि ऑफिसमधल्या मित्राने सांगितलेल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. पत्र्याच्या शेडमधलं दुकान, साठीचे काका, हातात मल्टिमीटर आणि वायरीचे दोन तुकडे जोडलेला इंडिकेटरचा एक बल्ब. त्या बल्बकडे नीट लक्ष द्या, पुढे हीरो तोच आहे.

काकांनी पहिल्यांदा फ्यूज बघितला. शाबूत. मग इंजिन थंड होऊ दिलं. (‘ताई, घाई करून हात भाजून घ्यायचा नसतो.’) कनेक्टर सोडवला आणि सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर लावला. सहा ओहम. हीटरची तार तुटलेली असती, तर मीटरने अनंत दाखवलं असतं. सहा म्हणजे हीटर जिवंत! म्हणजे साडेसात हजारांचा आरोपी पहिल्या दहा मिनिटांत जामिनावर सुटला.

मग गाडीच्या बाजूची वायर. किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं आणि हीटरला करंट पुरवणाऱ्या पिनेवर मीटर लावला. बारा व्होल्टच्या वर. मला वाटलं, झालं, वायरही बरोबर आहे. काका हसले. म्हणाले, ‘मीटर पाणी आहे की नाही तेवढं सांगतो ताई, धार किती आहे ते नाही.’

त्यांनी तो २१ वॅटचा बल्ब जोडला. एक टोक त्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब लागला, पण कसा? लोडशेडिंगच्या काळातल्या दिव्यासारखा, मिणमिणता. आणि मीटरचा आकडा बारावरून धाडकन सातवर.

याचं गणित सोपं आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खेचत नाही. त्यामुळे वायरीतली एखादी तार शिल्लक असली, तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पण हीटरला चालायला दोनेक अँपिअर लागतात आणि २१ वॅटचा बल्बही साधारण तेवढंच मागतो. म्हणजे बल्ब हा हीटरचा डमी. त्याला पोटभर मिळत नसेल, तर हीटरलाही मिळत नाही. नवा सेन्सर लावला असता, तरी तोही उपाशीच राहिला असता!

मग शोध सुरू झाला. कनेक्टरच्या मागे वायर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. वायर खाली लोंबून एका लोखंडी पट्टीला घासत होती. घासून आवरणाला बारीक छेद गेला, त्यातून पावसाचं पाणी शिरलं. काकांनी त्या जागी वायर हलकेच ओढली, तर आवरण रबरासारखं ताणलं गेलं. आतून आधार देणारं तांबंच उरलं नव्हतं. कापून बघितलं तर आत हिरवट भुकटी आणि दोन-तीन चमकत्या तारा. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, तशी ती वायर कळकली होती.

चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा क्रिम्प करून जोडला, वर आकसणारी स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावून वायर पट्टीपासून दूर बांधली. पुन्हा बल्ब जोडला. लख्ख! कोड पुसला, आणि पुढच्या रविवारी वाईला जाऊन आले. दिवा परत आला नाही. खर्च सहाशे रुपये, त्यात तपासणीचे तीनशे काकांनी आधीच सांगितले होते.

तपासायचा क्रम

सगळं तुम्ही स्वतः करावं, असं मुळीच नाही. पण क्रम माहीत असला की समोरचा पायऱ्या गाळतोय का, ते कळतं.

१. कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाचा फोटोच काढून ठेवतो. इंजिनाचं तापमान, वेग, आरपीएम वगैरे. कोड पुसला की तो फोटोही जातो. दिवा फक्त पावसात लागतो का, खड्ड्यात आदळल्यावर लागतो का, तेही आठवून सांगा. अधूनमधून येणारा दोष बहुतेकदा ढिल्या जोडणीकडे बोट दाखवतो.

२. डोळ्यांनी बघा. फ्यूज, तुटलेली क्लिप, एक्झॉस्टला टेकून वितळलेली वायर, उंदराने कुरतडलेलं आवरण. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर हे आपल्याकडचे नामांकित ‘वायरमन’ आहेत! नुकतंच क्लच किंवा एक्झॉस्टचं काम झालं असेल, तर कनेक्टर पूर्ण बसलाय का, तेही बघा.

३. कनेक्टर उघडा. पिना हिरवट, काळ्या किंवा वाकलेल्या आहेत का? एखादी पिन मागे सरकली आहे का?

४. हीटरचा ओहम मोजा. किती हवा हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. थंड असताना बहुधा एक आकडी किंवा दोन आकड्यांच्या सुरुवातीला.

५. पुरवठा मीटरने नाही, लोड लावून तपासा. म्हणजे तोच तो बल्ब. पण फक्त हीटरच्या पुरवठ्याच्या वायरीवर. सिग्नलच्या किंवा ईसीयूकडून येणाऱ्या वायरींना बल्ब लावायचा नाही. तिथे ईसीयूच जळू शकतो.

६. लाइव्ह डेटा बघा. इंजिन गरम असताना पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज नाचायला हवं. ते ०.४५ च्या आसपास दगडासारखं स्थिर असेल, तर सिग्नलची वायर तुटलेली असू शकते. कारण बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू स्वतःच त्या वायरीवर तेवढं व्होल्टेज ठेवतो. सेन्सर बोलत नसला की ईसीयूला स्वतःचाच आवाज ऐकू येतो! मागचा सेन्सर मात्र बऱ्यापैकी स्थिर असणंच चांगलं. आणि नव्या गाड्यांमध्ये पाच किंवा जास्त वायरींचा वाइडबँड सेन्सर असेल, तर तिथे हे आकडे लागू होत नाहीत.

७. डेटा बघता बघता वायर हलवा. इंजिन चालू असताना हे काम मेकॅनिकचंच, कारण पंखा आणि एक्झॉस्ट दोन्ही जवळ असतात. वायर हलवल्यावर आकडा उडाला की चोर सापडला.

दोन पथ्यंही सांगते. सेन्सरच्या बाजूच्या वायरींना सोल्डर करायचं नाही. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरींच्या आतूनच घेतात. सोल्डरने ती वाट बुजते. कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारणं, हेही त्याच कारणासाठी टाळायचं. दुसरं, गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर वायर कापू देऊ नका. आधी सर्व्हिस सेंटर.

सेन्सर खरंच जातो तेव्हा

सगळ्या वेळी वायरच दोषी, असं सांगितलं तर तोही अंदाजच झाला. सेन्सर म्हातारे होतात. इंजिन ऑइल जाळत असेल, कूलंट गळून धुरात जात असेल किंवा चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलं असेल, तर सेन्सरवर थर बसतो आणि तो सुस्तावतो. वायरिंग ठीक आहे, एक्झॉस्टला गळती नाही आणि तरी पी ०१३३ पुन्हा पुन्हा येतोय, तर सेन्सर बदला. हीटरचा ओहम अनंत आला, तरीही बदला. तेव्हा साडेसात हजार गेल्याचं दुःख होतं, पण वाया गेल्याचं होत नाही.

आणि दिव्याकडे काणाडोळा करणं हा काही उपाय नव्हे. सेन्सरची खबर आली नाही की ईसीयू ठरलेल्या मापाने, बहुधा जरा सढळ हाताने पेट्रोल ओततो. मायलेज पडतं, प्लग काळे होतात आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवतं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे राजेशाही धातू असतात. त्याची किंमत ऐकलीत तर सेन्सर स्वस्त वाटेल! शिवाय धूर बिघडला की पीयूसी अडतं आणि वैध पीयूसी नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दिवा लुकलुकत असेल, तर विषय आणखी गंभीर. ते मिसफायरचं लक्षण. वेग कमी करा, बाजूला घ्या.

निदानाला किंमत द्या ना राव!

आता थोडं आपल्याबद्दल. गॅरेजवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण कुणी ‘तपासणीचे तीनशे’ म्हटलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘नुसतं बघायचे पण पैसे?’ साडेसात हजारांच्या पार्टचं बिल आपण कार्ड स्वाइप करून मुकाट देतो, आणि अर्धा तास डोकं लावायचे तीनशे मात्र जिवावर येतात. पार्ट हातात धरता येतो, विचार धरता येत नाही ना!

ज्या दुकानात तपासणीला भाव नाही, तिथे पार्ट विकूनच पोट भरायला लागतं. मग स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, डबा उघडून नवा लावायचा. दिवा गेला तर आनंद, नाही गेला तर पुढचा पार्ट. आपण जे ऑफिसात रोज करतो, ‘रूट कॉझ’ शोधल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही म्हणून भांडतो, तेच गॅरेजमध्ये गेल्यावर विसरायचं कारण काय?

तेव्हा पुढच्या वेळी दिवा लागला, तर गाडी सोपवताना चार प्रश्न विचारा. कोड नेमका कोणता? कनेक्टर उघडून बघितला का? हीटरचा ओहम किती आला? पुरवठा लोड लावून तपासला का? आणि सोबत एक वाक्य आपणहून बोला, ‘तपासणीचे वेगळे पैसे लावा.’ समोरच्याच्या चेहऱ्यावर बदल दिसेल. जो माणूस या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देईल, त्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. चांगला डॉक्टर आणि चांगला इलेक्ट्रिशियन, दोघांचीही गरज अचानकच लागते.